मामींचं पोट बरं झालं

संशोधन संस्थेच्या तळघरात, लिफ्टच्या मागच्या अंगाला, एक लांबट बिनखिडकीची खोली होती. दिवे आपोआप लागायचे, आपोआप विझायचे. बाहेर ऊन आहे की पाऊस, याचा आत पत्ता नसायचा. भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे पिंजरे आणि पिंजऱ्यांत अंगठ्याएवढे काळेभोर उंदीर. त्यांचा भुसा बदलणं, बाटल्यांत पाणी भरणं, कोण जेवतंय, कोण अंग चोरून कोपऱ्यात बसलंय याच्यावर डोळा ठेवणं हे मामांचं काम.

पोरांनी त्यांना आधी गमतीनं उंदीरमामा म्हणायला सुरुवात केली होती. पुढे त्यातला उंदीर गळून पडला आणि मामा तेवढे उरले. मग त्यांची बायको, जिला संस्थेतल्या कुणी फारसं पाहिलंही नव्हतं, ती आपसूक मामी झाली. मामींना ते कळलं तेव्हा त्या हसत सुटल्या होत्या. "भाचरं भरपूर मिळाली मला," म्हणाल्या, "निम्मी दोन पायांची, निम्मी चार पायांची."

मामींना हसायला फार कारण लागत नसे. त्या एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायच्या. मागे वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत असायच्या, वर सळ्यांवर ओळीनं कोट, सूट, पडदे टांगलेले. गिऱ्हाईक पावती शोधायला खिसे चाचपायचं, तोवर मामी मागे जाऊन नेमका त्याचाच कपडा काढून आणायच्या. माणूस आणि कपडा यांची जोडी त्यांच्या डोक्यात एकदा बसली की बसली. कुणाच्या कोटाचं अस्तर उसवलंय, कुणाच्या चादरीवर कसला डाग होता, कोण गेल्या वर्षी जाड होता आणि आता बारीक झालाय, सगळं तोंडपाठ. "माणसं खोटं बोलतात हो," त्या मामांना सांगायच्या, "कॉलर नाही बोलत."

मोठ्या आतड्याचं दुखणं त्यांना चाळिशीतच लागलं होतं. आतड्याला आतून सूज यायची, जखमा व्हायच्या, रक्त पडायचं. मध्ये काही महिने बरे जायचे, की पुन्हा उठायचं. गोळ्यांनी कधी चेहरा सुजायचा, कधी झोप उडायची. लाँड्रीचा संडास अगदी मागे, बॉयलरच्या पलीकडे. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि मामी पळतायत, असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. प्रवास बंद झाला, बाहेरचं खाणं बंद झालं. बाहेर पडायचंच झालं तर वाटेत सोय कुठे कुठे आहे ते आधी बघायचं. "या शहरात माझ्या ओळखीची माणसं कमी आणि संडास जास्त," असं त्या म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. मामांना मात्र माहीत होतं. बाथरूमचं दार लागलं आणि आतून नळ जोरात सोडल्याचा आवाज आला, की ती रडतेय. ते दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे राहायचे. बाहेर आल्यावर दोघंही त्या नळाविषयी बोलत नसत.

विसरणं नंतर आलं, आणि तेही चोरपावलांनी.

पहिल्यांदा त्यांनी एका वकिलाचा काळा कोट वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाला दिला. तो बिचारा तसाच रंगमंचावर गेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. लाँड्रीच्या मालकांनी ती गोष्ट महिनाभर सगळ्यांना रंगवून सांगितली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ते कमी हसले. मग मामी एकाच माणसाला तीनदा विचारू लागल्या, "तुमचं काय होतं?" आणि एकदा इस्त्री कापडावर ठेवून संडासाकडे गेल्या, त्या परत येताना इस्त्रीचं विसरूनच गेल्या. धूर झाला. त्यानंतर एका संध्याकाळी मालक स्वतः घरी आले. हातात पिशवी होती, तिच्यात मामींचा कप, चष्म्याचं घर आणि काउंटरवर पाठीला लावायची उशी. "थोडे दिवस आराम करा," ते मामींना म्हणाले, आणि मामांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

पोटाच्या डॉक्टरांना मामांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, झोप नाही, वर्षानुवर्षं अंगात सूज आहे, गोळ्याही तशाच कडक. "अशात माणूस विसरतो. आधी पोट शांत करूया, मग बघू." मामांनी यातलं एकच वाक्य उचललं आणि उराशी धरलं. पोट शांत झालं की डोकं ताळ्यावर येणार.

त्याच सुमारास तळघरात नवा प्रयोग सुरू झाला. प्रयोग ज्यांचा होता त्या मॅडम मामांच्या लेकीएवढ्या होत्या. बोलायला सरळ, कामाला वाघ, स्वतःच्या जेवणाचा डबा मात्र कायम टेबलावर विसरणाऱ्या. उंदरांच्या पाण्यात एक पावडर मिसळायची होती म्हणून त्यांनी मामांना सगळं समजावून सांगितलं. त्या पाण्यानं उंदरांचं मोठं आतडं सुजणार होतं. मग त्यातल्या काहींना बारीक नळीनं चांगले जंतू पाजायचे, काहींना नुसतं पाणी.

"जंतू आणि चांगले?" मामांनी विचारलं.

"आपल्या आतड्यात असतात ना, मामा, कोट्यवधी. दह्यात असतात त्यांच्याच नात्यातले. ते आतड्याचं अस्तर सांभाळतात. सूज आली की अस्तर झिरपायला लागतं, नको ते रक्तात शिरतं, आणि त्याची झळ मेंदूपर्यंत जात असावी. आठवणी जिथे तयार होतात त्या भागापर्यंत. असं आम्हाला वाटतंय. अजून दाखवायचंय."

मामा हातातली बाटली धरून तसेच उभे राहिले. "म्हणजे पोट सुजलं की उंदीर विसरतो?"

"तेच बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

आठवड्याभरात पिंजऱ्यांतल्या भुशावर रक्त दिसू लागलं. मामांनी इतकी वर्षं काय काय पाहिलं होतं, पण या वेळी भुसा बदलताना ते नजर दुसरीकडे वळवायचे. उंदीर पाठीला बाक काढून बसायचे, केस पिंजारलेले. अगदी तश्शा, सकाळी पलंगाच्या कडेवर बसलेल्या मामी.

मग परीक्षा सुरू झाल्या. एका रिकाम्या खोक्यात दोन वस्तू ठेवायच्या, एक छोटी बाटली आणि एक लाकडी ठोकळा. उंदराला त्या बघू द्यायच्या, हुंगू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून तिथे वेगळंच काही ठेवायचं. धडधाकट उंदीर ओळखीच्या बाटलीकडे ढुंकून बघत नाही, तडक नव्या वस्तूकडे जातो. सुजलेल्या पोटाचे उंदीर दोन्हींपाशी सारखेच रेंगाळत होते.

"त्यांना दोन्ही नवीनच," मॅडम म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. आदल्या रात्रीच मामींनी जेवताना विचारलं होतं, लेकीचा फोन आला होता का. आला होता. तासभर त्याच बोलल्या होत्या.

उंदरांमध्ये एक होता, कानाला कातरलेली खूण असलेला. मामा त्याला कातऱ्या म्हणायचे. तो सगळ्यांत जास्त आजारी होता आणि त्याला ते जंतू मिळत होते. हळूहळू त्याच्या अंगावर तुकतुकी आली. एका सकाळी मॅडमनी मामांना संगणकाच्या पडद्यापाशी बोलावलं. पडद्यावर खोकं दिसत होतं. कातऱ्या आत सोडला गेला, क्षणभर थबकला, मिशा हलवल्या, आणि बाटलीला वळसा घालून सरळ नव्या वस्तूकडे गेला. तिथेच बसून राहिला, तिला चारी बाजूंनी हुंगत.

मामांनी चष्मा काढला आणि डगल्यानं पुसला. पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"मॅडम, हे माणसाला चालेल का?"

मॅडमना मामींचं दुखणं माहीत होतं. त्यांनी खुर्ची ओढून मामांना बसवलं. "मामा, नीट ऐका. हे उंदीर तरणे आहेत. यांचं दुखणं आपण गेल्या महिन्यात दिलेलं आहे. माणसाचं वीस वर्षांचं दुखणं वेगळं. माणसांवर थोडं काम झालंय, काहींच्या पोटाला फरक पडतो, काहींच्या नाही. डोक्याचं तर मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. आणि हे प्रयोगातलं औषध घरी न्यायचं नाही. मामींच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातलंही नाही."

"नाही नेणार," मामा म्हणाले. पण ऐकलं त्यांनी निम्मंच. उरलेल्या निम्म्या मनात कातऱ्या चालत होता.

रविवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू मांडल्या, एक कुलूप आणि एक लिंबू. मामींना म्हणाले, "जरा बघून ठेव." त्यांनी बघितलं. मग मामांनी त्यांना गॅलरीतले कपडे काढायला पाठवलं, लिंबू उचललं आणि तिथे दाढीचा ब्रश ठेवला. मामी कपड्यांचा ढीग घेऊन आल्या. टेबलापाशी थांबल्या. कुलूप उचललं, ब्रश उचलला, दोन्ही परत ठेवले. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे जे काही दिसलं त्यावरून त्यांना सगळं उमगलं. मामा घरी येऊन रोज उंदरांच्या गोष्टी सांगायचे. त्यातली एवढी एक त्यांच्या डोक्यात राहिली होती.

"मी काय तुमची उंदरीण का, अहो?"

मामी आधी हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि कपड्यांच्या ढिगात तोंड घातलं. "मला कळतंय हो सगळं," त्या म्हणाल्या. आवाज कपड्यांतून येत होता. "काहीतरी होतं आणि ते आता नाहीये, एवढं कळतं. काय होतं ते कळत नाही. तेही कळायचं थांबलं ना, तर बरं होईल."

मामांनी ब्रश खिशात घातला. त्यानंतर त्यांनी बायकोची परीक्षा कधी घेतली नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी मात्र हो म्हटलं. आधीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला या जंतूंच्या कॅप्सूल, बघूया काय होतं. "आशा ठेवा, पण माफक," ते म्हणाले. माफक आशा कशी ठेवायची हे मामांना जमणारं नव्हतं. ते रोज सकाळी कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन मामींच्या उशाशी बसायचे, आणि ती घशाखाली उतरली की मनातल्या मनात तिच्याबरोबर खाली उतरायचे, आतड्याच्या वळणावळणानं, जखमेपर्यंत.

आणि पोट खरंच शांत होऊ लागलं. ते कॅप्सूलनं झालं, जुन्या गोळ्यांनी झालं की दुखण्यालाच कंटाळा आला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. रक्त थांबलं. मामींच्या गालांवर रंग आला. एके दिवशी त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊया का?" आणि दोघं बागेत गेले. वाटेतली सोय कुठे आहे हे न बघता, कितीतरी वर्षांनी, नुसते उठून गेले. बाकावर बसून त्यांनी गाड्यावरचं आइस्क्रीम खाल्लं. समोरून एक उंच गृहस्थ गेले तशा मामी म्हणाल्या, "यांच्या राखाडी सुटाचं खालचं बटण नेहमी तुटलेलं. मी लावून द्यायचे, ते पुन्हा तोडून आणायचे." मामांनी त्यांचा हात घट्ट धरला. आली, ते मनात म्हणत होते. परत आली.

त्या दिवशीचं सुख त्यांना पुरवून वापरता आलं असतं तर बरं झालं असतं.

तळघरातला प्रयोग संपत आला होता. प्रयोग संपला की उंदीर मारायचे, त्यांची आतडी आणि मेंदू काढून तपासायचे, हे मामांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोकरीला लागल्यापासून ते असंच चालत आलं होतं. तरी ते मॅडमकडे गेले.

"एक ठेवता येईल का? तो कातऱ्या. मी घरी नेत नाही, इथेच सांभाळतो."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मामा, तो बरा कसा झाला हे त्याच्याच आत आहे. त्याला सोडला तर बाकीचे फुकट गेले."

मामा म्हणाले, "खरंय." मग म्हणाले, "तुमच्या त्या नव्या मदतनीस मुलाला सांगू नका. त्याचा हात थंड असतो. मी आणून देतो."

त्यांनी पिंजऱ्यात तळहाताची वाटी करून धरली. कातऱ्या आपणहून येऊन बसला. हात ओळखीचा होता. मामांनी त्याला पेटीपर्यंत नेलं, झाकण लावलं, आणि पेटीत वायू भरत जाऊन सगळं निपचित होईतो तिथेच उभे राहिले. घरी जाऊन त्यांनी मामींना काही सांगितलं नाही. मामींनीही उंदरांचं विचारायचं आताशा सोडलं होतं.

पुढच्या तपासणीत पोटाच्या डॉक्टरांनी आतड्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. गुलाबी, गुळगुळीत, कुठे जखम नाही. डॉक्टर खूश होते. "बघा, किती सुंदर," ते म्हणाले. मामी पडद्याकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, "खरंच छान आहे. कुणाचं आहे?"

डॉक्टरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. त्यांनी मामींना आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, लेकीचं नाव, राहता मजला. मग एक चिठ्ठी लिहून दिली, मेंदूच्या डॉक्टरांच्या नावानं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मामांना एकट्याला आत बोलावलं. मेंदू आक्रसत चालला होता. हे दुखणं वेगळं होतं, पोटाचं नव्हतं. पोटाच्या सुजेनं त्याला हातभार लागला असेल का, या मामांच्या प्रश्नावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेलही, कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. मागे वळणार का, या प्रश्नावर मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. मामा उठले, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि बाहेर आले. बाहेर मामी एका अनोळखी बाईच्या कोटाची बाही चिमटीत धरून तिला सांगत होत्या, हे घरी धुवू नका, आटेल.

दुसऱ्या दिवशी तळघरात मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले?" मामा भुसा भरत होते. ते भरतच राहिले. "तुमचे उंदीर बरे झाले," ते म्हणाले. आवाज चढला होता. "माझ्या डोळ्यांसमोर बरे झाले. मग तिनं काय पाप केलं होतं?" मॅडम तिथेच, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. मामा भुशाचे हात झटकून जवळ गेले. "तुमची चूक नाही, बाळ," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं मला. मीच नाही ऐकलं."

वर्षभरानं मामांनी नोकरी सोडली. मामींना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. लेक आली, महिनाभर राहिली. आईनं तिला दोनदा विचारलं, कुठली तू, किती गोड आहेस. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि परत गेली. तिला तिचं घर होतं, पोरं होती. मामींचं जेवण उत्तम होतं. काहीही खायच्या आणि पचायचं. वीस वर्षं ज्या पोटानं त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही ते आता तक्रार म्हणून करत नव्हतं.

मामांना एका गोष्टीचा आधार होता. मामी लेकीला विसरल्या, लाँड्री विसरल्या, पण त्यांना अजून "अहो" म्हणत होत्या. अहो, पाणी देता का. अहो, खिडकी लावा. लग्न झाल्यापासून तीच हाक. ती कानावर पडली की मामांचा जीव भांड्यात पडायचा. मला ओळखते, ते फोनवर लेकीला सांगायचे, बाकी सगळं गेलं पण मला ओळखते.

एका दुपारी ते मामींचे केस विंचरत होते. उन्हात खुर्ची ठेवली होती. मामी डोळे मिटून बसल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज येता. माझं इतकं करता. घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?"

फणी केसांत तशीच राहिली. हीच हाक, हाच 'तुम्ही', हाच गोड आवाज. घरच्या माणसाला घालायची हाक आणि रस्त्यातल्या परक्याला घालायची हाक, दोन्ही एकच. कधीतरी, एखाद्या दिवशी, एकीची दुसरी झाली होती आणि मामांना पत्ताही लागला नव्हता. आज, की गेल्या महिन्यात, की त्याच्याही आधी. किती दिवस ते परक्याच्या नावाची हाक ऐकून सुखावत होते, कोण जाणे.

"बायको आहे," ते म्हणाले.

"बरी आहे ना?"

"पोटाचं फार दुखणं होतं तिला. आता बरं आहे पोट."

"पोटाचं वाईटच," मामी म्हणाल्या. "तुमचा हात हलका आहे. तिचेही केस तुम्हीच विंचरता का?"

"हो."

"मग नशीबवान आहे."

मामांनी फणी पुन्हा केसांतून फिरवली. गुंता होता तो बोटांनी सोडवला, दुखू नये म्हणून मुळापाशी केस धरून. वेणी घालून झाली. मामी हात मागे नेऊन ती चाचपत राहिल्या, आणि म्हणाल्या, आता तुम्ही निघा, तिला फार वेळ एकटं ठेवू नका.

"निघतो," मामा म्हणाले. ते उठून आत गेले, स्वयंपाकघरात थोडं थांबले, तोंडावर पाणी मारलं, आणि दोघांचं जेवण गरम करायला घेतलं.